झेंडावंदनाचं जाकीट

सीमाला ब्लाऊज शिवायला द्या, गप्पा मारता मारता शिवून तुमच्या हातात ठेवेल. साधं असो, कटोरी असो, पाठीला गोंडे असोत नाहीतर गळ्याला पायपिंग असो, तिला दोनदा सांगावं लागत नाही. गावातल्या निम्म्या बायका तिचे ब्लाऊज घालून संगमनेरपर्यंतची लग्नं मिरवून आल्यात. पण जाकीट? तेही पुरुषाचं? आणि पुरुषांत पुन्हा सासऱ्याचं? ह्या फंदात तिला कुणी ढकललं नव्हतं. तिची तीच पडली.

झालं असं, की तिचा धाकटा दीर तुषार शिकायला स्कॉटलंडला गेलेला. डिसेंबरात त्यानं एका मित्राबरोबर बापासाठी कापड पाठवलं. दीड मीटर लोकरीचं कापड. लाल आणि हिरवे हे एवढाले चौकडे आणि मधून पिवळी बारीक रेघ. सहादूबाबांनी घडी उलगडली आणि म्हणाले, "ही काय बैलाची झूल हाय का रं?"

तुषार व्हिडिओ कॉलवर हसत सुटला. "बाबा, हिकडं एकेका घराण्याचा चौकडा ठरलेला असतो. कापड बघून माणूस कुणाचा ते कळतं."

"मग हा कुणाचा?"

"हा कुणाचाच न्हाई. दुकानदार म्हनला, हा कुनीबी घालावा."

"मग हरकत न्हाई. आपलाच समजू."

तुषारनंच मग गळ घातली, की सव्वीस जानेवारीला ह्याचं जाकीट घाला. कारण त्या दिवशी गावाचा झेंडा सहादूबाबांच्या हातानं फडकणार होता. छत्तीस वर्षं त्यांनी गावाला पाणी सोडलं. पहाटे टाकीवर जायचं, व्हॉल्व्ह फिरवायचा, वरच्या आळीला अर्धा तास, खालच्या आळीला अर्धा तास. कुणाला जास्त नाही, कुणाला कमी नाही. अंगात ताप असला तरी माणूस टाकीवर हजर. निवृत्त होऊन पाच वर्षं झाल्यावर ग्रामपंचायतीला ह्याची आठवण झाली, पण झाली हे काय कमी आहे!

"जाकीट मी शिवते," सीमा म्हणून गेली.

तिचा नवरा योगेश दूध संकलनाच्या गाडीवर. तो म्हणाला, "तुला येतं का?"

"न यायला काय झालं? ब्लाऊजला बाह्या असत्यात, जाकिटाला त्यापन न्हाईत."

आता खरी गोष्ट सांगायची तर तिच्या डोक्यात जाकीट नव्हतंच. डोक्यात होते शाळेचे गणवेश. गावच्या शाळेत बासष्ट पोरं. त्यांचे गणवेश बन्सी टेलर शिवत आला होता, चाळीस वर्षं. म्हणजे आता ज्यांची पोरं शाळेत जातात त्यांच्याही चड्ड्या त्यानंच शिवलेल्या. यंदा महिला गटानं काम मागितलं. गटात बाया बारा, पण शिवणारी खरी एक, सीमा. सरपंच आप्पासाहेब म्हणाले होते, "सीमाताई, ब्लाऊजचं सोडा. पुरुष मानसाचं काई नीट शिवून दाखवा. सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत विषय घेऊ." त्यावर बन्सीकाका नुसता बसल्या जागी मान हलवून हसला होता, आणि ते हसू सीमाला लागलं होतं.

तेव्हा तिनं मनाशी सगळं रचलं. सकाळी झेंडा, दहाला ग्रामसभा. मामा, म्हणजे सासरे, झेंड्यापाशी उभे राहतील. अंगात परदेशी कापडाचं जाकीट, फिटिंग असं की बघत राहावं. कुणीतरी विचारणारच, शिवलं कुणी? तेव्हा आपण पुढं व्हायचं. तोपर्यंत गटातल्या बायांनाही कळू द्यायचं नाही.

पण माप? सासऱ्याच्या छातीला टेप लावायचा कसा? चौदा वर्षं झाली तिला ह्या घरात येऊन. चौदा वर्षांत पाया पडण्यापलीकडं तिचा हात मामांना लागला नव्हता. ताट पुढ्यात ठेवायचं आणि पदर सावरत मागं सरायचं. बोलणं म्हणजे "मामा, चहा ठिवलाय" आणि "मामा, गोळी घेतली का" इथवरच. सासूबाई होत्या तोवर त्या मधल्या दुवा होत्या. त्यांना जाऊनही तीन वर्षं झाली.

"मग तू घे माप," ती योगेशला म्हणाली.

"मला काय कळतंय त्यातलं? तुझ्या बाया काय करत्यात? मापाचा ब्लाऊज देत्यात का न्हाई? बाबांचं जुनं जाकीट हाय पेटीत, आपल्या लग्नातलं. धर मापाला."

एवढं सोपं! सीमानं पेटी उघडली. राखाडी जाकीट निघालं, डांबराच्या गोळ्यांचा वास मारणारं. तिनं ते पाटावर पसरलं, छाती मोजली, खांदा मोजला, उंची मोजली, वहीत मांडून टाकलं. सगळा जन्म ती असंच शिवत आलेली. गिऱ्हाइकाच्या अंगाशी तिचा संबंध नसायचा, मापाच्या कापडाशी असायचा.

पुढच्या बाजूंना ताठ राहायला आतून बकरम लागतं, ते फक्त बन्सीकाकाच्या दुकानात मिळालं असतं. जायला जिवावर आलं, पण गेली. बन्सीकाका मशिनीवर वाकून कुणाची तरी गोणी शिवत होता. कपडे रेडिमेड झाल्यापासून गोण्याच जास्त.

"कुनाचं जाकीट गं सूनबाई?"

"मामांचं."

त्यानं मशीन थांबवली. "माप घेतलंस?"

"मापाचं जाकीट हाय की. लग्नातलं."

"ते राखाडी? ते मीच शिवलंय." बन्सीकाकानं चष्मा कपाळावर नेला. "ते माप आता ऱ्हायलं न्हाई पोरी. सहादूला पाठव हिकडं. दोन मिन्टाचं काम. मी नुस्तं माप लिहून देतो, शिव तू. आन चौकड्याचं कापड हाय म्हनं, तर बेतायच्या आधी टाचण्या मार, खालचा पदर सरकतो."

आता ह्यात वाईट काय बोलला तो? पण सीमाच्या मनात गणवेश बसलेले. तिला वाटलं, म्हातारा लई हुशार. आज माप देईल, उद्या गावभर सांगेल की जाकीट माझ्या हातचं आहे. "बघते," म्हणाली, बकरम घेतलं आणि तरातरा निघून आली.

घरी आल्यावर तिनं कापड दुहेरी घातलं, खडूनं आखलं आणि कात्री चालवली. टाचण्या? टाचण्या काल शिकायला लागलेल्या पोरी मारतात. लोकर म्हणजे काय ब्लाऊजपीस नव्हे, तिची खालची घडी कात्रीबरोबर सरकत गेली आणि हिला पत्ताच नाही. पुढच्या दोन्ही बाजू शेजारीशेजारी धरल्या तेव्हा दिसलं. डावीकडचा लाल पट्टा छातीवर, उजवीकडचा त्याच्या दोन बोटं खाली. पुन्हा बेतायला कापड उरलं नव्हतं. त्या जुन्या मोठ्या मापानं सगळं खाऊन टाकलं होतं.

सीमा त्या दिवशी स्वयंपाकालाही धड लागली नाही. उसवलं, ओढून शिवलं, पुन्हा उसवलं. लोकरीला इस्त्री करून करून घर ओल्या मेंढरासारखं वास मारायला लागलं. शेवटी दोन बोटांचं एक बोट झालं, पण त्या ओढाताणीत उजवा मुंढा, हात घालायचा घेर, खाली उतरला. लांबून कोण बघतंय, असं म्हणून तिनं काजं केली. पंचवीसला संध्याकाळी शेवटचं बटण लागलं.

योगेश म्हणाला, "बाबा, घालून बघा."

सहादूबाबांनी जाकीट हातात घेतलं, चौकड्यावरून बोटं फिरवली. "कोरं कापड असंच न्हाई अंगाला लावायचं. उद्या अंघोळ करून, कुंकू लावून घालीन." ते तिच्याकडं न बघताच म्हणाले, पण तिच्यासाठीच म्हणाले, "लई बारीक काम हाय. मायंदाळ कष्ट घेतलं पोरीनं."

सीमाला बरं वाटलं. खरं सांगायचं तर सुटल्यासारखं वाटलं, की आत्ता कुणी बघणार नाही.

सकाळी गारठा मरणाचा. मामा खोलीतून बाहेर आले ते अंगावर शाल गुंडाळूनच. पांढरं धोतर, पांढरी टोपी आणि शालीच्या वर दाढी केलेला गुळगुळीत चेहरा. जाकिटाचं खाली एक टोक दिसत होतं तेवढंच. योगेशनं त्यांना मोटरसायकलवर बसवलं. सीमा ज्योतीबरोबर चालत निघाली. ज्योती गटाची अध्यक्ष, तिची मैत्रीण. सारखी विचारत होती, "तू पुरुषाचं काही शिवून दाखवणार होतीस ना? काय झालं त्याचं?" सीमा नुसती हसली.

शाळेच्या मैदानावर पोरं रांगेत उभी होती. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया. आप्पासाहेबांनी छत्तीस वर्षांच्या पाण्याचे चार शब्द सांगितले आणि म्हणाले, "आता सहादूबाबांनी पुढं यावं."

मामांनी शाल काढून योगेशच्या हातात दिली.

सीमाला आधी वाटलं, हे कुणीतरी दुसरंच आहे. जाकीट त्यांच्या अंगात नव्हतं, अंगावर टाकलेलं होतं. खांदे दंडावर उतरलेले. छातीपाशी एवढी जागा, की आत हात घालून पायलीनं दाणे मोजावेत. मान त्या मोठ्या गळ्यातून वर आलेली, बारीक, शिरा ताणलेली. आणि एवढ्या लांबूनसुद्धा, हो, एवढ्या लांबूनसुद्धा दिसत होतं, की लाल पट्टा बटणांपाशी येऊन मोडलाय.

त्यात दोरीची गाठ बसली. मामांनी एक झटका दिला, झेंडा सुटेना. दोन्ही हात वर करून त्यांनी जोर लावला तसं जाकीट उठलं आणि कानापर्यंत आलं, टोपी तिरकी झाली. पहिलीच्या रांगेत कुणीतरी फिस्सकन हसलं. तिसऱ्या झटक्याला झेंडा उघडला, झेंडूच्या पाकळ्या पडल्या, मामांनी हात खाली घेऊन सलामी दिली आणि जाकिटाची उजवी बाजू खांद्यावरून घसरून कोपरापर्यंत आली.

तेवढ्यात राष्ट्रगीत सुरू झालं.

आता सांगा, राष्ट्रगीतात कोण हलणार? मामा सलामीत ताठ उभे. जाकीट कोपराला लोंबतंय, एक हात कपाळाशी, दुसरा मांडीला चिकटलेला, आणि मोकळा असता तरी त्या माणसानं हलवला नसता. आख्खं गाव सावधान उभं राहून समोर बघतंय आणि समोर हे. सीमाला धावत जाऊन ते सारखं करावंसं वाटलं, मातीत तोंड खुपसावंसं वाटलं, काहीच करता येत नव्हतं. तिला सदऱ्यातून त्यांच्या खांद्याचं हाड दिसलं. कधी इतके वाळले हे? दोन वेळा ताट वाढते मी ह्यांना. अर्धी भाकरी परत येते ती मुकाट्यानं गाईला घालते. तीन वर्षं अर्धी भाकरी परत येतेय आणि मी कधी मान वर करून विचारलं नाही. बन्सीकाकाला रस्त्यावरून येता-जाता दिसलं, मला घरात दिसलं नाही. ते गाणं इतकं लांब आहे हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं.

संपलं. पोरं खदखदली, गुरुजी ओरडले. आप्पासाहेब हसतच पुढं आले, त्यांनी स्वतःच्या हातानं ते जाकीट खांद्यावर चढवलं.

"सहादूबाबा, कापड एक नंबर! पण आत अजून एक मानूस मावंल की हो." बाया-बापड्या हसल्या. आप्पासाहेबांनी वळून विचारलं, "शिवलं कुनी हे?"

अगदी हाच प्रश्न. महिनाभर ती ह्याचीच वाट बघत होती, अगदी ह्याच शब्दांत. सगळ्या माना तिच्याकडं वळल्या, घर तिचं ना! ज्योतीनं तिच्याकडं बघितलं आणि ज्योतीच्या तोंडावर भीती उमटलेली तिला दिसली.

"बन्सीकाकांकडं टाकलं हुतं," सीमा म्हणाली.

तोंडातून निघून गेलं. आधी ठरवलेलं नव्हतं, मनातसुद्धा नव्हतं. पण निघालं ते चांगलं खणखणीत निघालं, मैदानाच्या टोकापर्यंत.

बन्सीकाका हातपंपापाशी उभा होता. धुतलेला सदरा, खिशाला कागदाचा झेंडा. त्यानं सीमाकडं बघितलं. रागानं नाही. आपण बरोबर ऐकलं ना, एवढंच तपासल्यासारखं. मग त्यानं सहादूबाबांकडं बघितलं. दोघं एका वर्गातले, एका पाटीवर शिकलेले. सहादूबाबा झेंड्याच्या खांबाला धरून उभे होते आणि खाली बघत होते.

"काय बन्सीकाका? काय केलं हे?" आप्पासाहेब म्हणाले.

"व्हय," बन्सीकाका म्हणाला. चष्मा काढून हातात घेतला आणि म्हणाला, "डोळं ऱ्हायलं न्हाईत आता."

झालं! एवढं निमित्त पुरे होतं. एक म्हणाला, माझ्या पँटची शिवण मागच्याच वर्षी उसवली. दुसरा म्हणाला, पोराच्या शर्टाच्या बाह्या लहानमोठ्या होत्या, म्हातारा माणूस म्हणून आपण बोललो नाही. तिसऱ्याला कॉलर आठवली. ज्यांनी पाच-पाच वर्षं त्याच्या दुकानाची पायरी चढली नव्हती, त्यांनाही काही ना काही आठवलं. योगेश तुषारला पाठवायला मोबाईलवर शूटिंग करत होता. त्यानं मोबाईल खिशात घातला आणि बायकोकडं न बघता गाडीपाशी जाऊन उभा राहिला. मामांनी शाल मागितली आणि पुन्हा अंगभर लपेटून घेतली.

चहा आला, बुंदी आली. सीमाच्या हातातली बुंदी तशीच चिकट होऊन राहिली. ज्योती तिच्या कानाशी लागली, "बरं झालं बाई! मला वाटलं तूच शिवलंस. आता बघ, गणवेश आपलेच." सीमाला शिसारी आली, आणि ती ज्योतीची नव्हती.

दहा वाजता मारुतीच्या सभामंडपात ग्रामसभा बसली. मामांना मानाची खुर्ची दिलेली, ते शालीत बसून होते. बन्सीकाका मागं खांबाला टेकून. बाया डावीकडं सतरंजीवर. ग्रामसेवकानं विषय वाचले. गटाराचा झाला, दिव्यांचा झाला, आणि मग गणवेश.

आप्पासाहेब म्हणाले, "ह्यात लई बोलायची गरज न्हाई. बन्सीकाकांनी चाळीस वर्षं सेवा केली, गाव त्यांचं उपकार इसरनार न्हाई. पन आज सकाळी समद्यांनीच बघितलं. त्यांनीबी मोठ्या मनानं मान्य केलं. पोरांचं कपडं हायेत, चेष्टा न्हाई. तवा यंदापासून काम महिला गटाला. मंजूर?"

"मंजूर, मंजूर," सगळे म्हणाले. बायांनी टाळ्या वाजवल्या. ज्योतीनं सीमाच्या मांडीवर थाप मारली.

सीमानं मागं वळून बघितलं. बन्सीकाका टाळी वाजवत नव्हता, रुसून उठूनही चालला नव्हता. तो एकेकाच्या तोंडाकडं बघत होता. ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत, सावकाश. काय शोधत होता कुणास ठाऊक.

ती उभी राहिली. ग्रामसभेत बाई उभी राहिली की आधी कुजबुज होते, ती झाली. तिनं शेजारचा खांब धरला.

"जाकीट बन्सीकाकांनी न्हाई शिवलं," ती म्हणाली. "मी शिवलं. सकाळी मी खोटं बोलले."

आप्पासाहेब हसले, अगदी मायेनं हसले. "सीमाताई, बसा. म्हाताऱ्या मानसाची दया आली, तुमचं मन मोठं हाय. पन त्यांनी सोताच्या तोंडानं कबूल केलंय."

"दया न्हाई हो. मीच शिवलं. माप घेतलं न्हाई, जुन्या जाकिटावर बेतलं. काका सांगत हुते माप घे म्हणून, मी ऐकलं न्हाई."

"बघा, याला म्हनत्यात संस्कार," पुरुषांतून कुणीतरी बोललं, आणि काय सांगावं, पुन्हा टाळ्या पडल्या. आधीपेक्षा जास्त. सीमाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, तर तिच्या मागच्या बाईनं तिला पाठीवर थोपटलं. सकाळी सगळं गाव हसलं त्यापेक्षा ह्या टाळ्या वाईट होत्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. ती मामांकडं वळली. चौदा वर्षांत पहिल्यांदा तिनं त्यांच्या नजरेला नजर दिली.

सहादूबाबा खुर्चीच्या हाताला धरून उठले. शाल त्यांनी खाली ठेवली. ते लोंबतं जाकीट सगळ्यांना पुन्हा दिसलं, ह्या वेळी कुणी हसलं नाही.

"खरं बोलती ती," ते म्हणाले. "माज्या घरात शिवलंय. मी रोज मशिनीचा आवाज ऐकत हुतो. सकाळी अंगात घातलं तवाच मला कळलं हुतं कसं झालंय ते. म्हटलं, पोरीनं हौसेनं शिवलंय, घालू." त्यांना धाप लागली. "बन्सीचं नाव घेतलं तवा मी बोलायला पायजे हुतं. घराची लाज ऱ्हावी म्हनून न्हाई बोललो. माजी चूक हाय."

आता मात्र टाळ्या वाजवलेले हात कुठं ठेवावेत ते लोकांना समजेना. आप्पासाहेबांचा चेहरा उतरला. त्यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "बन्सीकाका, माफ करा. गैरसमज झाला. गणवेश तुमचेच. ग्रामसेवक, तेवढं खोडा."

"खोडू नका," बन्सीकाका म्हणाला.

तो खांब सोडून पुढं आला. आवाज चढवला नाही. "सूनबाई, तुझा राग न्हाई आला मला. तू घाबरलीस. समद्या गावापुढं उघडं पडलं की मानूस घाबरतंच. म्हनून तर मी व्हय म्हटलं, सहादूचा दिवस हुता." मग तो पुरुषांकडं वळला. "पन चाळीस वर्षं तुमच्या अंगाची मापं घेतली मी. ह्या आप्पासायबाची शाळेची चड्डी मी शिवली. एवढा चौकडा मोडलाय, एवढा मुंढा उतरलाय. मला वाटलं, एक जन तरी म्हनंल, बन्सी असं शिवत न्हाई. झेंड्यापाशी वाट बघितली. मगाशी हितं बघितली. एक जन तरी."

सहादूबाबा त्याच्या दिशेनं एक पाऊल टाकून थांबले.

"मग कुनासाठी शिवायचं?" बन्सीकाका म्हणाला. त्यानं सगळ्यांना हात जोडले, चपला पायात सरकवल्या आणि सावकाश पायऱ्या उतरून गेला. त्याला हाक मारायला एकाचंही तोंड उघडलं नाही. सीमा म्हणाली, "काका," पण ते इतकं हळू, की शेजारच्या ज्योतीलाही ऐकू गेलं नसेल.

ग्रामसेवक बिचारा वही घेऊन बसलेला, त्याला कार्यवृत्त पुरं करायचं होतं. त्यानं आप्पासाहेबांकडं बघितलं, आप्पासाहेबांनी मान खाली घालूनच हातानं खूण केली. ग्रामसेवकानं लिहिलं आणि मोठ्यानं वाचलं, शालेय गणवेश बासष्ट, काम महिला बचत गटाकडं, शिवणार सीमा योगेश. मग वही फिरवून तिच्यापुढं केली आणि बोटानं जागा दाखवली.

"इथं सही करा."

नको म्हणावं असं तिच्या ओठांवर आलं. पण मागं अकरा बाया श्वास धरून बसलेल्या, आणि नको म्हटल्यानं बन्सीकाका पायऱ्या चढून परत येणार नव्हता. ती खाली बसली. समोर मामा त्या जाकिटात उभेच होते, त्यांनी शाल पुन्हा घेतली नव्हती. सीमानं पेन घेतलं आणि सही केली.